आबांचा जुना बी-२७५: कागदांपासून कटाऊटपर्यंत

आबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाटणी झाली. माझ्या वाट्याला चार एकर, विहिरीचा निम्मा हिस्सा आणि गोठ्यामागे ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभा असलेला लाल ट्रॅक्टर आला. चुलतभाऊ म्हणाला, "भंगारवाल्याला फोन लावू का? किलोवर घेतो तो." ताडपत्री ओढली तर बॉनेटवर 'इंटरनॅशनल'मधली निम्मीच अक्षरं शिल्लक, सीटखाली चिमण्यांचं जुनं घरटं, आणि बॅटरीच्या पेटीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचा भुसा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. आबा विडी-सिगारेट ओढत नसत, म्हणजे ते पाकीटही कुणाकडून मागून आणलेलं.

भंगारवाल्याला फोन लावला नाही. पुढचे सात महिने कसे गेले आणि त्यात काय शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो. ज्याने आजवर ट्रॅक्टर फक्त चालवलाय, कधी उघडला नाही, त्याच्यासाठी हे आहे. माझा बी-२७५. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचं हे मॉडेल: ३५ हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, डिझेल. तुमच्याकडे जुना मॅसी, एस्कॉर्ट्स किंवा एचएमटी असला तरी क्रम हाच राहतो. नट-बोल्ट तेवढे वेगळ्या जागी सापडतील.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज नसते. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटतं, आणि इंजिन बंद करायला तर दोरीचा स्टॉप असतो. म्हणजे विजेची कामं उरतात पाचच: सेल मारणं (स्टार्टरने इंजिन फिरवणं), थंड इंजिन पेटावं म्हणून हिटर तापवणं, बॅटरी चार्ज करणं, दिवे आणि हॉर्न. आजच्या गाडीसारखा कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. वायरिंगला घाबरायचं काहीच कारण नाही. घाई मात्र केलीत तर जाळून घ्याल.

पहिलं काम: कागद

पान्हा हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा. मालक वारल्यावर वाहन वारसाच्या नावे करण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ५६ वा नियम लागू होतो. वाहन आपण वापरणार असल्याचं मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून अर्ज करायचा. विक्रीचे नमुने २९ आणि ३०. वारसाहक्कात ते लागत नाहीत. एजंट चुकून तेच पुढे करतो, तेव्हा बघून सही करा. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र आणि विमा. मी वर्षभर उशिरा गेलो, त्यामुळे दंड आणि हेलपाटे दोन्ही वाढले, पण काम झालं.

आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का, तेही पाहा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायला कुणी गेलेलं नसतं. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ दिला की तो निघतो. नोंदणीची १५ वर्षं तर केव्हाच उलटलेली असतात, त्यामुळे नूतनीकरणाचा नमुना २५ सुद्धा लागेल.

आता याचा रिस्टोरेशनशी संबंध: चेसिस नंबर. आरटीओला पेन्सिलने उठवलेला ठसा लागतो. पातळ कागद नंबरवर धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. तो नंबर गंजाखाली असेल तर रॉकेलचा बोळा आणि पितळी ब्रश घेऊन हळूच साफ करा. ग्राइंडर तिथे फिरवलात तर नंबर जाईल, आणि नंबर गेलेला ट्रॅक्टर म्हणजे खरोखरच भंगार.

सेल मारू नका

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच मोह होतो: दुसरी बॅटरी आणायची आणि सेल मारून बघायचं. मारू नका. अकरा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, सायलेन्सरमधून पावसाचं पाणी शिरलेलं असू शकतं. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीने बांधून ओढणं तर त्याहून वाईट. अडकलेलं इंजिन असं ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी फोटो काढा. प्रत्येक वायरचा, प्रत्येक नळीचा, दोन्ही बाजूंनी. मग ऑइलचा बोल्ट थोडा सैल करा आणि पहिले थेंब बघा: पाणी जड असल्यामुळे ते आधी बाहेर येतं. माझ्याकडे वाटीभर पाणी निघालं. ऑइल, फिल्टर, रेडिएटरचं पाणी सगळं बदला. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी उघडून खालचा गाळ काढा आणि खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी पळत सुटतं.

मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोजल काढा. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल आणि निम्मं मोबिल ऑइल असं पाव कपभर सोडा आणि तीन-चार दिवस विसरून जा. त्यानंतर क्रँकच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून थोडं पुढे, थोडं मागे करत हलवा. पान्ह्याला पाइप जोडून जोर लावायचा नाही. माझं इंजिन चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन इंच हललं आणि मी एकटाच गोठ्यात ओरडलो. पूर्ण फेरे मोकळे झाले की नोजल न बसवता बरेच फेरे मारा, म्हणजे आतलं तेल बाहेर फेकलं जाईल. ते तसंच ठेवून नोजल बसवले तर पिस्टनला दाबायला हवेऐवजी तेल मिळतं, आणि तेल दबत नाही. काहीतरी वाकतं किंवा तुटतं.

नोजल स्वतः साफ करू नका, ते ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टिंगला द्या. टाकी मात्र घरी धुता येते: आत मूठभर छोटे नट आणि डिझेल घालून हलवायची, तीन वेळा.

हवा काढणं

टाकीत डिझेल भरलं म्हणजे इंजिनपर्यंत डिझेल पोचलं असं नसतं. मध्ये हवा अडकते. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करा, फीड पंपाचा हाताचा दांडा हलवत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की बोल्ट दांडा हलवत असतानाच आवळा. मग तसंच डिझेल पंपाच्या बोल्टला. नोजलच्या नळ्यांचे नट शेवटी, सेल मारताना सैल करायचे. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका; दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ती जखम साधी नसते.

वायरिंग: आधी वही, मग पक्कड

आता मुख्य काम. वहीचं एक पान घ्या आणि ट्रॅक्टरवर आज प्रत्यक्षात जे आहे ते काढा: बॅटरीपासून सेलपर्यंत, सेलवरून अँपिअर मीटर, मीटरवरून कटाऊटची पेटी (इंजिनवर वीज करणाऱ्या डायनमोला बॅटरीशी जोडणारी-तोडणारी), तिथून स्विच, दिवे, हिटर. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावून नंबर टाका. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत पाच इलेक्ट्रिशियन येऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने खिशात होता त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. माझ्या ट्रॅक्टरवर घरातल्या ट्यूबलाइटची पांढरी वायर आणि मोटरपंपाची केबल, दोन्ही सापडल्या.

त्यानंतर एक प्रश्न सोडवा: बॉडीला प्लस आहे की मायनस? जुन्या ब्रिटिश घराण्याच्या ट्रॅक्टरांवर बऱ्याचदा बॉडीला प्लस असे. हल्ली सगळीकडे बॉडीला मायनस असतो. तुमच्याकडे काय आहे ते बॅटरीची कोणती केबल चेसिसला बोल्टने जोडलीय यावरून कळेल. बॉडीला प्लस असेल तर मायनस करून घ्या, पुढे सोयीचं पडतं. त्यासाठी बॅटरीची टोकं उलटायची, अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या आणि डायनमोला नवी दिशा शिकवायची. ती रीत खाली येते. सेलला काही करावं लागत नाही. त्याच्या वाइंडिंगमध्ये दोन्हीकडचा प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे तो आधीच्याच बाजूला फिरतो.

बॅटरी

जुनी बॅटरी परत करून नवी घ्या. ८०-९० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची पुरते. एक स्वस्त डिजिटल मीटर घ्या. या सगळ्या कामातली तीच खरी गुंतवणूक. रात्रभर स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. चार्जिंगला लावायची तर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ८० च्या बॅटरीला ८ अँपिअर. खोली उघडी असू द्या, विडी-काडी लांब ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

जोडताना बॉडीची केबल सगळ्यात शेवटी, काढताना सगळ्यात आधी. हा नियम मी एकदा मोडला. प्लसचा नट आवळत असताना पान्हा बॉनेटच्या पट्टीला टेकला. निळा लख्ख प्रकाश झाला, पान्ह्याच्या तोंडाला खळगा पडला आणि बोटातली अंगठी थोडक्यात वाचली. तेव्हापासून कामाला बसण्याआधी अंगठी आणि घड्याळ देवळीत काढून ठेवतो.

अर्थिंग, म्हणजे निम्मा आजार

जुन्या ट्रॅक्टरवरच्या विजेच्या तक्रारी घेऊन माणूस नवा सेल, नवा कटाऊट, नवी बॅटरी विकत घेतो. दोष मात्र बहुतेक वेळा गंजलेल्या बोल्टखाली असतो. दिव्याला जाणारी वायर एकच असते आणि परतीचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंड. त्या रस्त्यावर गंज किंवा रंग आला की प्रवाहाची वाट अडते, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. मोजावंच लागतं.

मोजायची रीत अशी. स्टॉप ओढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रलला. मीटर डीसी २० व्होल्टवर. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसच्या शिसाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, घासून चकाकणाऱ्या जागी. आता कुणाला तरी सेल मारायला सांगा. मीटरवर जे येतं तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. ०.३ च्या आत असावेत, ०.५ म्हणजे दुरुस्ती हवी. माझ्याकडे २.१ आले. सेल अडीचशे अँपिअर ओढतो असं धरलं तर सव्वापाचशे वॅट एका बोल्टखाली जळत होते, म्हणजे २५ वॅटच्या एकवीस सोल्डरिंग गन एकाच जागी. हात लावला तर क्लॅम्प खरंच गरम होता.

तशीच दुसरी मोजणी प्लसच्या खुंटीपासून सेलच्या जाड बोल्टपर्यंत. तिसरी थेट बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. सेल मारताना ती ९.६ च्या खाली जायला नको. या तिन्ही ठीक असूनही इंजिन जड फिरत असेल तरच सेल खोला.

उपाय सोपा आहे. अर्थिंगची जुनी पट्टी फेकून द्या. ३५ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल आणा, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारं धातूचं टोक. बॅटरीवरून एक थेट इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. जिथे बसणार ती जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर.

सेल

सेल खोलला तर कार्बन (ब्रश), त्यांच्या स्प्रिंगा आणि बुश बघा. कार्बन झिजून स्प्रिंगचा दाब पोचत नसेल तर बदला. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा पडलेला असतो. तो बारीक काच पेपरने साफ करायचा, एमरी पेपरने नाही, कारण एमरीचे कण तांब्यात रुततात. नवा पितळी बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. लेथवाला म्हणेल "काही गरज नाही, आता ठोकतो." त्याला चहा पाजा, पण बुश उद्याच ठोकायला लावा.

आणि एक ताकीद. स्विच बिघडला की सेलच्या दोन बोल्टांना स्क्रू ड्रायव्हर लावून, खाली उभं राहून सेल मारायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो चालू होतो आणि समोरच्या माणसाच्या अंगावरून जातो. मोठं चाक तुमच्यापासून दोन फुटांवर असतं, पळायला वेळ नसतो. सेल मारायचा तो सीटवर बसून.

पहिल्यांदा चालू करताना

जुन्या वायरिंगला बॅटरी जोडूच नका. बॅटरी, सेल आणि अर्थिंग एवढंच ठेवा. मीटर, दिवे, कटाऊट सगळं सुटं करून टोकं टेपने बांधा. हिटरला तात्पुरती जाड वायर द्या.

हिटरचे दोन प्रकार येतात. ज्याच्या डोक्यावर दोन टोकं असतात ते एकापाठोपाठ माळेसारखे जोडलेले असतात, एक गेला की चारही थंड. ज्याच्या डोक्यावर एकच टोक असतं ते प्रत्येक स्वतंत्र, परतीचा रस्ता बॉडीतून. एकाच्या जागी दुसरा लावू नका: माळेतल्या हिटरला जेमतेम दोन-एक व्होल्ट लागतात, त्याला सरळ १२ दिले की डोळ्यादेखत वितळतो. तापवायचं २० ते ३० सेकंद. गारठा असेल तर आणखी एकदा.

सेल मारण्याआधी स्टॉपची दोरी चालते का ते बघा. माझी गंजून अडकली होती. एअर क्लीनरच्या तोंडावर बसेल अशी जाड फळी जवळ ठेवा. इंजिन पळालं तर तोंड झाकून हवा तोडायची. फडकं वापरू नका, ते आत ओढलं जातं.

ऑइलच्या दाबाचा काटा वर आला नाही तर अर्ध्या मिनिटात बंद करा. आमचं इंजिन तिसऱ्या प्रयत्नात तीन सिलिंडरवर पेटलं, धुराने गोठा भरला, चौथं पाच मिनिटांनी लागलं. आई ओट्यावरून म्हणाली, "आबा आले वाटतं." नंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

डायनमो आणि कटाऊट

नव्या माणसाला सगळ्यात गूढ वाटणारा भाग हाच. डायनमो फिरला की वीज करतो. कटाऊटच्या पेटीत दोन चुंबकी स्विच असतात. एक डायनमोचा दाब साधारण १३ व्होल्टला पोचला की त्याला बॅटरीशी जोडतो आणि इंजिन मंदावलं की तोडतो, नाहीतर बॅटरीच डायनमोला मोटरसारखी फिरवू पाहील. दुसरा दाब मर्यादेत ठेवतो. बस, एवढंच.

चार्जिंग होत नसेल तर क्रमाने जा. आधी पट्टा: अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच लवला पाहिजे. मग डायनमोवरच्या दोन्ही वायरी, डी (वीज बाहेर देणारी) आणि एफ (फील्डची), काढा. ती दोन टोकं एका छोट्या वायरने एकमेकांना जोडा. मीटरची एक सुई तिथे, दुसरी डायनमोच्या अंगावर. इंजिन मंद चालवून हळूहळू वेग वाढवा. व्होल्ट भराभर चढून १५ च्या पुढे गेले तर डायनमो ठीक. २० च्या वर जाऊ देऊ नका. काहीच नाही आलं तर कार्बन बघा. अर्धा-एक व्होल्टवरच अडलं तर फील्डची वाइंडिंग, चार-पाचवर अडलं तर आर्मेचर. ही दोन कामं वाइंडिंगवाल्याची.

बॉडीची दिशा बदलली असेल, किंवा डायनमो वर्षानुवर्षं पडून असेल, तर त्याच्या लोखंडातलं थोडंसं चुंबकत्व योग्य बाजूला वळवावं लागतं. इंजिन बंद. एफची वायर काढलेली. बॅटरीच्या जिवंत टोकावरून, म्हणजे बॉडीला मायनस असेल तर प्लसवरून, एक वायर आणून एफच्या टोकावर क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडेल. दोन-तीनदा करा, झालं.

माझ्याकडे हे सगळं करूनही अँपिअर मीटरचा काटा हलेना. तालुक्याच्या एका इलेक्ट्रिशियनने नवा कटाऊट बसवला, मग म्हणाला बॅटरीच खराब आली असेल. मी पेटीच्या ई लिहिलेल्या टोकापासून इंजिनपर्यंत मोजलं तर रस्ताच नव्हता. पेटी ज्या पत्र्यावर बसवली होती त्याला महिनाभरापूर्वी मी स्वतःच हौसेने दोन हात लाल रंग दिला होता. ई ला बॉडी मिळाली नाही की कटाऊटचं चुंबक ओढतच नाही, आणि दाबावर लगाम राहत नाही तो वेगळाच. तिथला रंग खरवडून एक वायर थेट इंजिनला नेली. काटा प्लसकडे टुणकन उडाला. जुना कटाऊटही चांगलाच होता. तो अजून कपाटात आहे.

पेटीतले पॉइंट चिकटले असतील तर कागदाची पट्टी ओढून साफ करा. आतले स्क्रू फिरवू नका.

डायनमो ठेवावा की अल्टरनेटर बसवावा? रोज रात्री नांगरट करायची असेल तर अल्टरनेटर. जुना डायनमो जेमतेम २०-२२ अँपिअर देतो, तोही इंजिन पळताना. पुढचे दोन ४५ वॅटचे दिवे, मागे २१ वॅटचा एक आणि शेपटीचे मिळून १२० वॅटच्या आसपास, म्हणजे १० अँपिअर. एवढं त्याला झेपतं. त्यावर टेप, दोन स्पीकर आणि एलईडीच्या चार पट्ट्या लावल्या की बॅटरी रोज उतरणार. मी डायनमोच ठेवला. अल्टरनेटर लावणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात: बॉडीला मायनस हवाच, नाहीतर आतले डायोड जोडताक्षणी जातात, चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढायची नाही, आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी अल्टरनेटर सोडवायचा. ३० अँपिअरचा जुना मीटर काढून तिथे व्होल्टमीटर बसवा. मग जुन्या कटाऊटचं काम उरत नाही, ती पेटी नुसती शोभेला.

नवं वायरिंग

जुनी वायर वाकवल्यावर तडकत असेल तर जोड देत बसू नका, सगळं नवं ओढा. घरगुती वायर नको, बारीक तारांची ऑटो केबल घ्या. मुख्य रस्त्याला ६ चौरस मिलिमीटर, पुढच्या दिव्यांना २.५, बाकी दीड. दिव्याला मिळणारे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे वायरीत काटकसर करू नका. दिव्यांना रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) लावा, म्हणजे जुन्या स्विचवर भार येत नाही. प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर वेगळी ओढून एका बोल्टवर आणा. मडगार्डच्या गंजावर विसंबू नका.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. पुढच्या दिव्यांना १५, हॉर्नला १०, मीटरना ५. सिगारेटची चांदी आठवणीपुरती डबीत ठेवा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घाला आणि सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर लांब ठेवा. थिंबल पक्कडीने चेपू नका, दाबायचं खरं हत्यार दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं.

आता बॅटरी जोडण्याआधीची एक युक्ती, जी मला एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याने शिकवली. बॅटरीची मायनस केबल बॉडीला थेट न जोडता मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय. पण आग लागत नाही, कारण बल्बच प्रवाह अडवतो. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, दोष त्या रस्त्यावर. कोणताच फ्यूज काढून विझला नाही तर फ्यूजच्या आधीचा मुख्य रस्ता तपासा. माझा बल्ब पहिल्याच वेळी लख्ख पेटला: मागच्या दिव्याचा स्क्रू वायरीतून आरपार गेला होता.

सगळं जागेवर आल्यावर अर्ध्या वेगाला बॅटरीवर मीटर लावा. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ दरम्यान आकडा हवा. १५ च्या वर गेला तर बॅटरी उकळेल, १३ च्या खाली राहिला तर भरणार नाही.

रंग

रंग शेवटी. तेही अर्थिंगच्या जागा, डायनमोची पकड आणि चेसिस नंबर टेपने झाकून. मी बॉनेटला आणि चाकांना दिला. मडगार्डवर आबांच्या बुटाने झिजलेली जागा तशीच ठेवली आणि तिच्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारलं.

पहिल्या १० तासांनंतर ऑइल पुन्हा बदला आणि अर्थिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, ते थोडे सैल होतात. बॅटरीच्या मायनसला एक कटऑफ स्विच बसवा आणि काम झालं की तो फिरवा. पावसाळ्यात महिना-महिना उभा राहणार असेल तर दर पंधरवड्याला अर्धा तास चालवा. बॅटरीच्या पेटीचं भोक बारीक जाळीने बुजवा. आमच्या गोठ्यातल्या उंदरांना नव्या वायरीचा वास लागायला चारच दिवस पुरले होते.